यादीत नाव कुणाचं?

३१ ऑक्टोबर २०२५ ची रात्र. दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाचा अंतिम सामना रंगला होता आणि इकडे सोलापुरात आमच्या गल्लीतली दहा-बारा मुलं माझ्या घरात टीव्हीसमोर मांडी घालून बसली होती. एका बाजूला आपली पुणेरी पलटण, दुसऱ्या बाजूला दबंग दिल्ली. शेवटच्या मिनिटापर्यंत कुणी जागचं हललं नाही. सामना संपला तेव्हा फलकावर आकडे होते, दिल्ली ३१, पुणे २८. तीन गुणांनी विजेतेपद गेलं.

मुलं थोडा वेळ गप्प बसली. मग त्यातल्या एकानं विचारलं, ‘‘सर, पुढच्या वर्षी यातले किती जण राहतील?’’

प्रश्न साधा होता. पण मला त्याचं उत्तर चटकन देता आलं नाही. मी तीस वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं, त्याआधी स्वतः कबड्डी खेळलो, नंतर गावोगावच्या स्पर्धांत पंच म्हणून उभा राहिलो. तरीही संघ जिंकला की हरला यापलीकडे जाऊन, संघ बनतो कसा, मोडतो कसा आणि पुन्हा उभा राहतो कसा, हे नीट सांगायचं तर थोडं मागे जावं लागतं. आज तेच करणार आहे.

आमच्या वेळी, म्हणजे १९८० च्या आसपास, संघाची यादी मंडळाच्या फळ्यावर खडूनं लिहिली जायची. सोलापूर तेव्हा गिरण्यांचं गाव होतं. पहिली गिरणी इथे १८७७ साली सुरू झाली. तिला पुढे सगळे ‘जुनी गिरणी’च म्हणू लागले. ती १९६३ मध्ये बंद पडली, पण बाकीच्या गिरण्यांचे भोंगे माझ्या तरुणपणी वाजत होते. पाळी सुटली की मुलं लंगोट-चड्डी घेऊन मैदानावर यायची. संघात बदल व्हायचा तो चार कारणांनी. कुणाचं लग्न झालं, कुणाला नोकरी लागली, कुणाची बदली झाली किंवा कुणाचा गुडघा गेला. एका मंडळातून दुसऱ्या मंडळात गेलेल्या खेळाडूशी लोक दोन दोन वर्षं बोलत नसत.

त्या काळात चांगल्या खेळाडूचं एकच स्वप्न असे. मुंबईला जायचं आणि एखाद्या कंपनीच्या, बँकेच्या, रेल्वेच्या नाहीतर पोलिसांच्या संघात निवडून यायचं. कारण तिथल्या यादीत नाव आलं की नोकरी लागायची. खेळ थांबला तरी नोकरी थांबत नसे. खेळाडू पस्तिशीत मैदान सोडायचा आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त व्हायचा. मधली तेवीस वर्षं त्याचा संसार त्या जुन्या चढायांवर चालायचा.

मीही गेलो होतो. अशाच एका संघाच्या निवड चाचणीला, रात्रीच्या गाडीनं, घरून बांधून दिलेल्या भाकऱ्या घेऊन. पहिला दिवस चांगला गेला. दुसऱ्या दिवशी पकड करताना गुडघा वळला. बाजूला बसवलं, बर्फ लावला. संध्याकाळी यादी लागली, तीत माझं नाव नव्हतं. नाव का नाही, हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. परतीच्या गाडीत पाय लांब करायला जागा मिळावी म्हणून मी दाराशी बसून आलो. पुढे शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन शाळेत लागलो, म्हणून निभावलं. यादीत नाव नसणं म्हणजे काय, हे तेव्हापासून मला माहीत आहे.

खेळ आणि पोट यांचा हा झगडा आपल्याकडेच झाला असं नाही. इंग्लंडच्या उत्तर भागातली हडर्सफील्ड, ब्रॅडफर्ड ही गावंही सोलापूरसारखीच कापडगिरण्यांची. तिथले गिरणी कामगार आणि आसपासचे खाणकामगार रग्बी खेळत. सामना शनिवारी असे आणि शनिवारी अर्धा दिवस कामही असे. सामन्याला गेलं की त्या पाळीचा पगार बुडायचा. क्लबांचं म्हणणं एवढंच होतं की, बुडालेला पगार तरी खेळाडूला भरून द्यावा. लंडनच्या सुखवस्तू मंडळींना ते पटलं नाही. १८९३ मध्ये त्यांनी मतदान करून ही मागणी फेटाळली. पैसे घेऊन खेळणं म्हणजे खेळाचा अपमान, असं ते म्हणत. ज्याच्या घरी चूल पेटायची चिंता नाही त्याला असं म्हणणं सोपं असतं. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या वीस-बावीस क्लबांनी वेगळी चूल मांडली. त्यांनी खेळाडूला बुडालेल्या दिवसाचे सहा शिलिंग द्यायचं ठरवलं. त्या फुटीतून जो खेळ वाढला तो ‘रग्बी लीग’. आज ऑस्ट्रेलियात त्याची मोठी व्यावसायिक स्पर्धा चालते.

योगायोग पाहा. प्रो कबड्डीचा बारावा हंगाम सुरू झाला तोही २९ ऑगस्टलाच, २०२५ साली, विशाखापट्टणमला. आपल्याकडे ती तारीख मेजर ध्यानचंद यांच्या जन्मदिनाची, राष्ट्रीय क्रीडा दिनाची. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लोटला, पण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. खेळणाऱ्याला खेळाचं मोल किती आणि किती दिवस मिळणार?

प्रो कबड्डी २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत सुरू झाली. पहिल्या वर्षी आठ संघ होते, २०१७ पासून बारा झाले. संघ कसे बनतात ते आता पाहू. प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करायला ठरावीक रक्कम असते. दहाव्या हंगामापासून ती पाच कोटी रुपये झाली. त्या रकमेत किमान अठरा आणि कमाल पंचवीस खेळाडूंचा ताफा उभा करायचा. लिलावात खेळाडूंचे चार गट असतात. या हंगामांत ‘अ’ गटाची पायाभूत किंमत ३० लाख, ‘ब’ गटाची २० लाख, ‘क’ गटाची १३ लाख आणि ‘ड’ गटाची ९ लाख अशी होती. लिलावाच्या आधी प्रत्येक संघ आपल्या काही खेळाडूंना कायम ठेवतो आणि बाकीच्यांना मोकळं करतो. त्याखेरीज नवोदित तरुणांना लिलावाबाहेर करारबद्ध करण्याची सोय असते. मोकळ्या केलेल्या खेळाडूवर दुसऱ्या संघानं बोली लावली, तर काही वेळा जुन्या संघाला तेवढीच रक्कम देऊन त्याला परत घेता येतं.

खर्चाला मर्यादा घालायची कल्पना रग्बी लीगवाल्यांनाही पटली. सिडनीच्या स्पर्धेत अशी वेतनमर्यादा १९९० मध्ये आली. हेतू हा की, श्रीमंत मालकानं सगळे चांगले खेळाडू एकट्यानं घेऊ नयेत आणि शेवटच्या क्रमांकावरच्या संघालाही पुढच्या वर्षी आशा असावी. हेतू चांगलाच आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी की, जिंकलेला संघ जिंकल्यामुळेच फुटतो. विजयानं खेळाडूंचा भाव वाढतो आणि पिशवी तेवढीच राहते.

पुणेरी पलटणीचं उदाहरण त्यासाठी उत्तम आहे. पहिल्या दोन्ही हंगामांत हा संघ तळाला, आठव्या क्रमांकावर राहिला. पुढे दोनदा तिसरा आला. मग बरीच वर्षं हाती काही लागेना. मोठी नावं यायची आणि जायची. आठव्या हंगामात, २०२१ च्या डिसेंबरात, पलटणीनं वेगळी वाट धरली. भारताचा माजी कर्णधार अनुप कुमार तेव्हा प्रशिक्षक होता. संघात अगदी कोवळी पोरं घेतली गेली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार त्यांतला एक, मोहित गोयत दुसरा. लिलावात गाजलेली ही नावं नव्हती. पण ती पोरं एकत्र राहिली, एकत्र सराव करत राहिली.

नवव्या हंगामात, २०२२ मध्ये, त्या पोरांच्या जोडीला इराणचा अनुभवी बचावपटू फझल अत्राचली १ कोटी ३८ लाखांना आला आणि कर्णधार झाला. प्रशिक्षक म्हणून बी. सी. रमेश आले. त्यांनी २०१९ मध्ये बंगाल वॉरियर्सला विजेतेपद मिळवून दिलं होतं. पलटण प्रथमच अंतिम फेरीत पोहोचली. पण ऐन मोक्याला मुख्य चढाईपटूंना दुखापतींनी गाठलं होतं. १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईत जयपूरनं ३३-२९ असा विजय मिळवला.

यानंतरचा निर्णय धाडसाचा होता. संघाला अंतिम फेरीत नेणाऱ्या कर्णधाराला, म्हणजे फझललाच, पलटणीनं मोकळं केलं. तो १ कोटी ६० लाखांना गुजरातकडे गेला. पुण्यानं त्याच्याच देशाचा तरुण अष्टपैलू मोहम्मदरेझा शादलूई याच्यासाठी २ कोटी ३५ लाख मोजले. इथे जरा गणित करा. पाच कोटींतले जवळपास निम्मे पैसे एका खेळाडूवर! उरलेल्या २ कोटी ६५ लाखांत निदान सतरा जण. म्हणजे माणशी सरासरी साडेपंधरा लाख. हे जमलं कशामुळे? तर बाकीची पोरं आधीपासून संघात होती, नवोदित म्हणून आलेली होती आणि त्यांचा भाव अजून कोटीच्या घरात गेला नव्हता. मोठी खरेदी परवडली ती घरच्या लहान पोरांच्या जिवावर.

फळ मिळालं. दहाव्या हंगामात पलटणीनं साखळीतल्या २२ सामन्यांपैकी १७ जिंकले, तीन बरोबरीत सोडवले, फक्त दोन गमावले. शादलूईनं पकडींचे ९९ गुण मिळवले. अस्लम कर्णधार होता आणि हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडूही तोच ठरला. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पलटण प्रथमच विजेती झाली. पंकज मोहितेनं एकाच चढाईत चार गुण आणले, ती चढाई आमच्या मुलांना अजून तोंडपाठ आहे.

आणि मग लगेच पुढच्या लिलावाआधी शादलूईला मोकळं केलं गेलं. तो २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला. ज्यांना हरवलं त्यांच्याचकडे! त्याच हंगामात अस्लमचा गुडघा दुखावला आणि तो बाहेर बसला. विजेती पलटण पहिल्या सहांतही आली नाही. २९ डिसेंबर २०२४ ला हरियाणानं करंडक उचलला, तोही पुण्याच्या बालेवाडीतच. शादलूई त्या विजयी संघात होता.

एवढं होऊनही पलटणीनं सगळा संघ मोडला नाही, ही गोष्ट ध्यानात घ्या. प्रशिक्षक बदलला. रमेश बंगळूरला गेले आणि २०१६ च्या विश्वचषकाचा नायक अजय ठाकूर आला. पण अस्लम, पंकज मोहिते, गौरव खत्री, अबिनेश नादराजन ही जुनी फळी कायम राहिली. आदित्य शिंदेसारख्या तरुण चढाईपटूवर विश्वास टाकला गेला. बाराव्या हंगामात पलटणीनं १८ पैकी १३ सामने जिंकले. दिल्लीचेही गुण तेवढेच, २६. गुणफरकावर पुणे पहिलं आलं. अंतिम सामन्यात आदित्यनं दहा गुण मिळवले. आणि समोर दिल्लीच्या बचावात कोण होतं? फझल अत्राचली. पुण्यानं सोडलेला, गुजरात, बंगाल असा फिरत दिल्लीला पोचलेला. अखेरच्या क्षणांत त्याची पकड दिल्लीच्या कामी आली.

या चार हंगामांतून मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, कबड्डीचा बचाव विकत घेता येत नाही, तो मुरावा लागतो. चढाई एकट्याची असते. चांगला चढाईपटू कुठल्याही संघात गेला तरी पहिल्या दिवसापासून गुण आणू शकतो. बचाव मात्र साखळीचा. कोपऱ्यातल्या खेळाडूनं घोटा धरायला झेप घ्यायची आणि शेजारच्यानं त्याच क्षणी अंगावर जायचं. अर्धा क्षण उशीर झाला की दोघेही बाद. शेजारच्याचा हात हातात असताना तो कधी सुटणार, हे न पाहता कळावं लागतं. मी शाळेतल्या मुलांना जोड्या लावून द्यायचो आणि वर्षभर त्या मोडू द्यायचो नाही. एखादा आजारी पडला तर दुसऱ्याला नवीन जोडीदार मिळायचा आणि पहिले चार सामने दोघे एकमेकांवर आदळायचे. म्हणून यादी पाहताना एकेकटी नावं मोजू नयेत. जोड्या किती टिकल्या ते पाहावं.

दुसरी गोष्ट राखीव खेळाडूंची. सामन्याला बारा जण असतात, सात मैदानात आणि पाच बाहेर. पलटणीचं २०२२ मधलं विजेतेपद हुकलं आणि २०२४ चा उत्तरार्ध वाया गेला, त्यात दुखापतींचा वाटा मोठा होता. आजकाल कबड्डी मॅटवर होते. मातीवर पाय थोडा घसरायचा आणि झटका विरून जायचा. मॅटवर बूट घट्ट रुततो. पाय जागेवर राहतो, अंग वळतं आणि सगळा पीळ गुडघ्यात येतो. आतला स्नायुबंध तुटला आणि शस्त्रक्रिया झाली, तर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष जातं. बारावा हंगाम उणापुरा दोन महिन्यांचा होता. दोन महिन्यांचा खेळ आणि वर्षभराची दुखापत, असा हा हिशेब आहे. ज्या संघाकडे आठवा, नववा आणि दहावा खेळाडू खराखुरा आहे, तोच शेवटपर्यंत टिकतो.

तिसरी गोष्ट, घरचं पीक. लिलावात सगळ्यांची पिशवी सारखी, म्हणून फरक पडतो तो लिलावाबाहेर. पलटणीनं ‘युवा पलटण’ या नावानं तरुणांचा वेगळा संघ उभा केला, त्यांच्या सरावाची व्यवस्था केली. शेतकऱ्याला हे सांगायला नको. बाजारातून रोपं आणून एक हंगाम निघतो. पण बियाणं घरचं असेल तर चार हंगाम निभावतात.

तेव्हा मुलांच्या प्रश्नाकडे वळू. पुढच्या हंगामाचं काय? मी ज्योतिषी नाही. पण पलटणीची नवी यादी हातात आली की मी तिच्यावर तीन खुणा करणार. बचावातली मुरलेली जोडी शाबूत आहे का? अस्लम आणि आदित्य यांपैकी एक जरी दुखावला, तर त्याच्या जागी धावणारा तिसरा माणूस आहे का? आणि ज्यांची नावं अजून कुणी ऐकलेली नाहीत, असे दोन-तीन पोरगे यादीत आहेत का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर पलटण पुन्हा अंतिम फेरीच्या आसपास दिसेल, असं मी बेलाशक म्हणेन. दोनांचं ‘नाही’ असेल, तर कोटीची दोन नावं आली तरी फार आशा धरू नये. लिलावाच्या दिवशी सर्वांत जास्त टाळ्या मिळवणारा संघ हंगामाच्या शेवटी सर्वांत वर असतोच असं नाही.

हे झालं संघाचं. आता संघातून बाहेर पडलेल्यांचं बोलू या. फझल आणि शादलूई एका गावाहून दुसऱ्या गावाला गेले, तरी कोटीच्या भावानं गेले. ज्यांच्यासाठी कुणी हात वर करत नाही, त्यांचं काय?

माझा एक विद्यार्थी आहे. माढा तालुक्यातला, उसाची दोन एकर जमीन असलेल्या घरातला. डाव्या कोपऱ्यावर असा खेळायचा की, चढाईपटू त्याच्या बाजूला जायला कचरत. जिल्ह्यातून खेळला, राज्य स्पर्धेला गेला आणि एका व्यावसायिक संघाच्या सराव शिबिरात त्याला बोलावणं आलं. गावात पेढे वाटले गेले. तो शिबिरात राहिला, घाम गाळला, पण सामन्याच्या बारांत कधी आला नाही. वर्ष संपलं. पुढच्या वर्षी त्याला फोन आला नाही. ‘तू नको’ असंही कुणी सांगितलं नाही. यादी वर्तमानपत्रात आली, तेव्हा त्याला कळलं. माझ्या वेळी निदान फळा होता. फळ्यासमोर उभं राहिलेल्या चार जणांपैकी एखादा तरी खांद्यावर हात ठेवायचा.

तो माझ्याकडे आला तेव्हा रडला वगैरे नाही. फक्त म्हणाला, ‘‘सर, मी त्या दोन वर्षांत दुसरं काहीच केलं नाही.’’

हे वाक्य मी विसरू शकत नाही. कारण व्यावसायिक खेळात हंगामाची तारीखही खेळाडूच्या हाती नसते. प्रो कबड्डीचा सातवा हंगाम ऑक्टोबर २०१९ मध्ये संपला आणि करोनामुळे आठवा सुरू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. मधली दोन वर्षं कोरडी गेली. खो-खोचंही तसंच. आपल्या जिल्ह्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप पहिल्या अल्टिमेट खो-खो स्पर्धेत चेन्नईकडून चमकला आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. सोलापूरकरांना त्याचा अभिमान वाटतो. पण त्या व्यावसायिक स्पर्धेचा पहिला हंगाम सप्टेंबर २०२२ मध्ये संपला आणि दुसरा डिसेंबर २०२३ च्या अखेरीस सुरू झाला. मध्ये पंधरा महिने गेले. विसाव्या वर्षी पंधरा महिने म्हणजे फार मोठा काळ असतो.

याचा अर्थ मुलांनी तिकडे जाऊ नये, असा नाही. मुळीच नाही. नऊ लाखांचा करार म्हणजे शेतकऱ्याच्या घरावरचं कर्ज एका वर्षात फिटणं. बुडालेल्या पाळीचे सहा शिलिंग मिळावेत म्हणून हडर्सफील्डच्या लोकांना वेगळं व्हावं लागलं, ते आपल्या मुलांना आपसूक मिळत असेल तर त्याला नावं ठेवणारे आपण कोण? माझं सांगणं एवढंच आहे की, जाताना परतीची वाट बांधून जावी.

ती कशी बांधायची? जिल्हा आणि राज्य संघटनांच्या अधिकृत स्पर्धा सोडू नयेत. राज्यातल्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनांच्या स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात आणि ती क्रीडा विभागाकडून तपासून घ्यावी लागतात. कितीतरी मुलं प्रमाणपत्रं घराच्या पत्र्याखाली खोचून ठेवतात आणि पावसात ती भिजून जातात. एक प्लास्टिकची पिशवी आणि एक फाईल, एवढीच गुंतवणूक आहे. दुसरं, बारावी आणि पदवी अर्धवट सोडू नये. बाहेरून परीक्षा देता येते. तिसरं, करारावर सही करण्याआधी तो वाचावा. स्वतःला कळत नसेल तर गावातल्या वकिलाला, शिक्षकाला दाखवावा. दुखापत झाली तर उपचार कुणी करायचे आणि उरलेले पैसे मिळणार की नाही, हे दोन प्रश्न आधी विचारायला लाजू नये. मी त्या दिवशी मुंबईत काही विचारलं नाही, ते माझ्याकडून चुकलं असं आता वाटतं.

संघांकडेही एक मागणं आहे. ज्याला तुम्ही वर्षभर राबवलंत, त्याला काढताना एक फोन करा. त्याला पैसे लागत नाहीत. ‘तुझ्या खेळात अमुक कमी आहे, एवढं सुधार,’ असं सांगितलं तर तो पोरगा पुढचं वर्ष अंधारात काढणार नाही. जुन्या मंडळांत नारळ देतानाही कुणीतरी चहा पाजायचं.

माढ्याचा तो मुलगा आता पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे सोळाशे मीटरचा सराव, दुपारी अभ्यास. संध्याकाळी तो आमच्या मैदानावर येतो आणि लहान मुलांना डावा कोपरा शिकवतो. शिकवतो चांगलं. झेप कधी घ्यायची नाही, हे तो आधी सांगतो. बहुतेक प्रशिक्षक ते शेवटी सांगतात.

अंतिम सामन्याच्या त्या रात्री तोही आमच्या घरी होता. सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून. ‘यातले किती जण राहतील?’ हा प्रश्न आला तेव्हा बाकीची मुलं माझ्याकडे पाहू लागली. मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, ‘‘राहतील तेवढे राहतील रे. उद्या साडेपाचला मैदानावर या. आणि आपापली फाईल घेऊन या, कुणाची कुठली प्रमाणपत्रं कमी आहेत ते बघू.’’

दुसऱ्या दिवशी नऊ मुलं आली. सात जणांकडे फाईल होती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)